कोरफडीचा अर्धा तास

"दमलीस का गं?" काकांनी इतक्या मायेनं विचारलं की काकूंचा मशीनवरचा पाय जागच्या जागी थांबला.

चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच कानावर पडत होता. पुढ्यात शाळेच्या गणवेशांचा ढीग, आणि हातात सकाळपासूनची तेरावी पँट. "दमले थोडी," काकू म्हणाल्या. "डावा गुडघा तर पार..."

काकांनी डोळे न उघडताच एक बोट वर केलं. "तुला नाही. हिला."

ही म्हणजे कोरफड. खिडकीशी स्टुलावर ठेवलेली. काकांचे गुडघे धरले म्हणून लेकीनं तीन आठवड्यांपूर्वी मोबाईलवरचा एक वर्ग लावून दिला होता. रोज सकाळी अर्धा तास औषधी झाडासमोर डोळे मिटून बसायचं, पानांवरून हात फिरवायचा, मनातलं बोलायचं, आभार मानायचे, की झाड स्वतःची शक्ती आपल्याला देतं. मागे बासरी, आणि एक ताई मऊ आवाजात सूचना देणार. आजवर काका मनातल्या मनात बोलत; मोठ्यानं बोला, असं ताईनं आजच सांगितलं होतं. काका जन्मभर बसडेपोत टाइमकीपर. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. कुंडी उन्हात ने, आत आण, पानं पूस, गर काढून काकांच्या गुडघ्यांना चोळ, हे काही वर्गात शिकवत नव्हते. ते काकूंकडे. गुडघे काकूंचेही धरलेच होते, पण पायमशीन चालवणारीचे गुडघे दुखायचेच, त्यात काय एवढं, असं घरात सगळ्यांचं मत होतं.

काकूंनी मशीन सुरू केलं. लगेच काकांच्या कपाळाला आठी. त्या खडखडीनं हिला त्रास होतो म्हणे. काकूंनी पुन्हा पाय काढला.

"माझ्यासाठी खूप सोसलंस गं," काका कोरफडीला सांगत होते. "मला कधी बोलून दाखवता आलं नाही. पण कळत होतं सगळं."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कळत होतं? मग तोंडाला कुलूप कुणी घातलं होतं? दोन बाळंतपणं, सासूबाईंची चार वर्षं अंथरुणावरची सेवा, रोज पहाटे साडेचारला उठून केलेले डबे. आणि आभार घ्यायला ही काल आलेली काटेरी बया!

त्या उठल्या. खिडकीशी गेल्या, कुंडी उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि स्टुलावर स्वतः बसल्या.

पानाच्या जागी मनगट हाताला लागलं तसे काकांनी डोळे उघडले. "अगं, हे काय? अजून बारा मिनिटं राहिलीत."

"म्हणूनच बसले. चालू द्या."

काका काही बोलणार तेवढ्यात बासरी थांबली. मोबाईलमधली ताई म्हणाली, आता समोरच्या जिवाला प्रेमानं, त्याच्या नावानं हाक मारा.

काकांनी खाली कुंडीकडे बघितलं. मग काकूंकडे.

"अगं..."

"ते माझं नाव नाही," काकू म्हणाल्या.