लिहिणाऱ्याच्या सवयी

"बस. आणि घाबरू नकोस," प्राचार्यबाई म्हणाल्या. "खाणार नाही आम्ही तुला."

"मी कुठे घाबरलोय, मॅडम?"

खरोखरच तो घाबरला नव्हता. स्पर्धेला एकच कथा दोन विद्यार्थ्यांकडून आली होती, शब्दाला शब्द जुळणारी. एकाला दुसऱ्याचं नाव कळू दिलं नव्हतं. आज सोक्षमोक्ष लागायचा होता; जो खोटा ठरेल, त्याचं नाव कॉलेजच्या पटावरून जाणार होतं. आधी आत बोलावलेली मुलगी मघाशीच बाहेर पडली होती. मान खाली, बाकावर कोण बसलंय याचंही भान नाही.

भाषेचे सर चष्मा पुसत म्हणाले, "चोराला कथा पाठ होते. ती कशी झाली, हे मात्र त्याला सांगता येत नाही. तू कसा लिहितोस, ते सांग."

प्रश्न त्याच्या आवडीचा होता. एकेक सवय त्याला तोंडपाठ होती.

"आधी शेवट लिहितो, सर. तो सापडेपर्यंत कागदाला हात लागत नाही. नुसती खिडकीच्या गजांवरून बोटं फिरत राहतात. मग पहिला परिच्छेद. तो नेहमी फाडला जातो."

"नेहमी?"

"पहिल्या परिच्छेदात माणूस फक्त घसा खाकरत असतो, सर."

सरांना हसू आवरलं नाही. "बरं, या कथेचं बोल."

"हिच्यात आई आधी रडत होती. पान तिथेच अडून बसलं. मग एका दुपारी तिचं रडणं खोडलं, तिला भांडी घासायला बसवलं, आणि गाठ सुटली." त्याचा आवाज हळुवार झाला. "वाक्य अडलं की खालचा ओठ दातांत धरला जातो. डावा पाय हलू लागतो. हवा तो शब्द मिळाला की मान किंचित कलते, लांबून कुणी हाक मारल्यासारखी. तेव्हा शेजारी चहा ठेवला तरी कळत नाही. निवतो, साय धरतो."

"अरे, स्वतःकडे इतकं बारीक लक्ष?" प्राचार्यबाईंनी भुवया उंचावल्या.

"लिहायला शिकायचं तर लिहिणाऱ्याकडे बघण्यावाचून गत्यंतर नाही, मॅडम."

"नाहीतर ती मघाची!" सर म्हणाले. "कशी लिहितेस विचारलं, तर म्हणे, 'माहीत नाही सर, लिहिताना मी तिथे नसतेच.' म्हटलं, मग कोण असतं? शेजारीण?"

तो हसला नाही. "बिचारी," एवढंच म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्राचार्यबाईंनी कथेची एक प्रत बाजूला सारली. "दुधाचं दूध, पाण्याचं पाणी झालं. कथा तुझी. तिचं नाव उद्याच कमी होईल."

तो बाहेर आला तेव्हा उन्हं कलली होती. दुकानांच्या पायऱ्यांवर सावल्या उतरल्या होत्या आणि त्याची पावलं पिसासारखी हलकी पडत होती. घर येईस्तोवर त्याने मागे वळून पाहिलं नाही.

दार आईने उघडलं. "आलास? तुझी मामेबहीण कधीची येऊन बसलीय. जेवली नाही, बोलत नाही. आत्याचं काही ऐकायचं नाही असं ठरवलंय बाईसाहेबांनी. तू तरी बघ."

आतल्या खोलीत ती टेबलाशी बसली होती. डोळे लाल.

"दादा, माझी कथा गेली रे. कुणीतरी स्वतःची म्हणून दिलीय. मी कशी लिहिते, असं विचारलं त्यांनी. मला एक अक्षर सांगता आलं नाही."

"वेडी कुठली," त्याने मायेने तिच्या डोक्यावर टपली मारली. "गेली तर गेली. दुसरी लिही. बस बघू आत्ताच."

तिने डोळे पुसले, कोरा कागद पुढे ओढला. तो रोजच्यासारखा तिच्या समोरच्या खुर्चीत बसला. तिथून तिचं लिहिणं फार छान दिसे.