काचेतला दाखला

बासष्ट सालच्या सरपंचकीच्या निवडणुकीत शेषरावांचा सगळा भरवसा एका इंग्रजी दाखल्यावर होता. गोऱ्या साहेबानं तो त्यांच्या आजोबांना दिलेला, म्हणून घरात काचेत मढवून ठेवला होता.

“काऊन बे शेषराव, तुह्या आज्यानं कोणती लढाई मारली होती?” असं समोरच्या उमेदवारानं, कय्यूमनं चारचौघांत विचारलं, तेव्हा त्यांनी चिखलीहून वकीलच बोलावला.

भरल्या पारावर वकिलांनी ठळक अक्षरांवर बोट ठेवलं. “दिग्नुस. लॅटिन शब्द आहे. म्हणजे लायक, मानाला पात्र.”

शेषरावांनी मिशीवरून हात फिरवला. “आयकलं का कय्यूमभाई? आमचं खानदानच लायक. वकीलसाहेब, पुढचंबी वाचा, जरा मोठ्यानं.”

 

वकिलांनी चष्मा पुसला. “रंग पांढरा, शिंगं सारखी, दात सहा.”