अर्धा मिलिमीटर

शर्यतीच्या छोट्या रिमोट बोटीच्या मागच्या कडेला नखाएवढ्या दोन पितळी पट्ट्या होत्या. त्यातली डावी उजवीपेक्षा अर्धा मिलिमीटर खाली झुकली होती. तिने मोजलं, पाणी पुसलं, पुन्हा मोजलं. सकाळी तिने स्वतः दोन्ही एका रेषेत लावल्या होत्या.

एवढ्याशा झुकावानेही बोट एका अंगावर कलते, आणि वेगात वळताना उजवी कड पाण्यात रुतते. आताही तेच झालं होतं. भर शर्यतीत बोट पालथी. शेवटच्या फेरीत पुन्हा पालथी झाली, की हंगाम संपला.

दादा गळ्यात रिमोट अडकवून तळ्याकाठच्या टेबलापाशी आला. "डुलतेय गं तुझी बोट. डावीकडे शिसं चिकटव थोडं."

जिंकली की ती 'आपली' असायची, उलटली की 'तुझी'.

पट्टी आपटून वाकत असेल, असं ती दोन हंगाम धरून चालली होती. तिने बॅटरी पुढे-मागे सरकवली, पंखा बदलला, सांगाडा नवा ओतला. आज मात्र दादा बोट पाण्यात सोडताना तिने त्याचा अंगठा डाव्या पट्टीवर पाहिला होता.

"ही पट्टी तू दाबतोस?"

"पाणी बघून दाबावी लागते. अनुभव असतो तो. तुझ्या मोजपट्टीला काय कळणार?"

"सरावाला मी चालवते तेव्हा ती एकदाही उलटलेली नाही."

"रिकाम्या तळ्यात कुणीही चालवेल! इथे पाच बोटींच्या लाटा असतात. मुळात बोटच वाकडी तुझी."

"अंगण मोजलंय मी, दादा. सरळ आहे."

शेजारी उभ्या पंचांना एकदम खोकला आला.

तिने पकडीने पट्टी सरळ केली, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली. दादाने सवयीने हात पुढे केला. तिने बोट छातीशी घेतली.

"शेवटची फेरी!" पंचांनी खोकला आवरला. "ही बोट कोण चालवणार?"

"मी, दुसरं कोण?" दादा म्हणाला.

तिने त्याच्या गळ्यातला पट्टा डोक्यावरून अलगद काढला. तो इतका चकित झाला, की त्याने मान वाकवून तो काढू दिला.

"आजपासून," ती पंचांना म्हणाली, "माझी बोट मीच चालवणार."