खंडेनवमीची फुलं

दसऱ्यापासून घरचा सर्व्हर रखडत होता. त्यातली एक डिस्क माझी, एक रूममेट शंभूची. त्यांना जोडणारं 'रेड' कार्ड प्रत्येक फाइल दोन्हींवर सारखीच लिहायचं. बुधवार पेठेतला दुकानदार म्हणाला, "कार्ड विकताना ठणठणीत होतं. घरात कोण काय करतं ते बघा." "सर्व्हरवरच्या तुझ्या व्हर्च्युअल मशीनवर गुपचूप काय चालवतोस?" मी शंभूला विचारलं. "बंद करून पाह." बंद केली, तरी फाइली रांगतच होत्या. "मग दुसरीकडे लपवलं असशील." त्यानं खोकं उघडून कार्डाच्या पंख्यात अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या काढल्या. "कार्डावरची बॅटरी तापली की ते कशावरच विश्वास ठेवत नाही, एकेक अक्षर पोचलं का बघत बसतं. खंडेनवमीला याच्यावर फुलं कोणी वाहिली?" मीच. फाइली धावू लागल्या. मी दोन कप चहा घेऊन आलो, तर शंभू नव्हता; सर्व्हरमध्ये माझीच डिस्क उरली होती आणि जोडीची डिस्क सापडेना म्हणून कार्ड केकाटत होतं.