रिकामी बाटली

संगमनेरहून घरी येताना दिशा एसटीतच चक्कर येऊन पडली, आणि मालनबाई लेकीला घेऊन थेट दवाखान्यात आली. सलाईन लावताना डॉक्टर म्हणाले, "पोरीच्या पोटात पाणीच जात नाही. असंच चाललं तर किडनीवर बेतेल."

किडनी म्हटल्यावर मालनबाईला डायलिसिसवर असलेला आपला भाऊ आठवला.

"असं कसं व्हईल, डॉक्टरसायेब? कॉलेजला निघताना मी सोता स्टीलची बाटली काठोकाठ भरून देते. सांजंला रोज रिकामी येती."

डॉक्टर बाहेर गेल्यावर तिनं पोरीचा हात घट्ट धरला. "खरं सांग बाई, पानी पिती ना तू?"

दिशानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "गावात उतरलं की फाट्यावरच्या लिंबाला ओतते. भरलेली बाटली बघून तू रागावशील म्हणून."

"अगं, पर का? जिवावर उदार झालीस का?" मालनबाईनं तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. "तुझ्या मामाचे हाल बघतीस ना?"

दिशा मग आईचा हात आणखी जवळ ओढून अगदी हळू म्हणाली,



"पाणी प्यायलं की जावं लागतं, आई. कॉलेजात मुलींच्या बाथरूमला आतून कडी नाही, आणि मागं एकदा बाहेरून कुणीतरी दार ढकललं होतं."