पिशवी

ऊसतोडणीच्या बायकांच्या गर्भपिशव्या विनाकारण कोण काढतंय, याचे पुरावे गोळा करत डॉक्टर केतकी पंचविशीतल्या कौसाबाईच्या पाचटाच्या कोपीत बसली होती.

“तुमची पिशवी कुणी काढली?”

“भास्कर डॉक्टरांनी. देवमाणूस! क्यान्सर व्हायच्या आत काढली, म्हणून वाचले बघा.”

केतकीनं कौसाबाईची जुनी सोनोग्राफी उजेडात धरली. पिशवी निरोगी होती.

“भास्कर डॉक्टर माझे वडील,” ती कशीबशी म्हणाली. “तुम्हाला काही झालं नव्हतं. ते खोटं बोलले.”

“म्हंजी मला अजून लेकरू झालं असतं?”

“हो.”

केतकीला मान वर करवेना. ज्यांच्या कमाईवर ती डॉक्टर झाली, त्यांचं नाव तिनं तक्रारीत लिहिलं आणि कौसाबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं.