उद्याचं वजन

समजा मुलांनो, तुम्ही जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला आहात. मागं लग्नाचं वऱ्हाड दाटीवाटीनं बसलं आहे. काचेला एक छोटं मशीन चिकटवलेलं आहे आणि त्याचं तोंड तुमच्याकडं आहे. मशीनवर पंच्याण्णव हा आकडा यायला हवा होता. आला आहे साठ. आणि तो फक्त तुम्हीच पाहिला आहे.

दहा वर्षांच्या तूबाचं त्या दिवशी असंच झालं. उमरठ गाव मागं पडलं होतं. वाडीकडं जाणारा चढ समोर दिसत होता.

त्या चढावर मधोमध एक वळण आहे. भरलेली जीप तिथं दमली तर मागं घसरते, आणि मागं दरी आहे. म्हणून तूबाचे अब्बा, सईदभाई, इथं नेहमी दोन खेपा करत. निम्मी माणसं खाली थांबत, निम्मी आधी वर जात. आज मात्र त्यांनी एकाच खेपेत सगळ्यांना न्यायचं कबूल केलं होतं. कारण आता गाडीत नवी डबी बसली होती.

डबी आणि मशीन दोन्ही मुसैबमामूनं दुबईहून पाठवलं होतं. डबी इंजिनाला जोडायची, म्हणजे म्हणे ताकद वाढते. किती वाढली ते मशीन सांगणार. गाडी किती झपाट्यानं वेग घेते, हे मशीनला आपोआप कळतं. पण गाडी किती जड आहे ते कळत नाही. ते आपण बटणं दाबून सांगायचं. मग या दोन्हींवरून ते अंदाज बांधतं, की इंजिनात इतक्या घोड्यांची ताकद आहे आणि चाक फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, इतका आहे.

बटणं दाबायचं काम तूबाचं. अब्बांचे हात स्टिअरिंगवर असत.

काल सकाळी डबी बसवायच्या आधी अब्बा म्हणाले, "गाडीच्या कागदावर हाय ते वजन टाक." महाडबाहेरच्या सपाट रस्त्यावर गाडी पळवली. साठ घोडे. दुपारी डबी बसवली. पुन्हा तोच रस्ता, पुन्हा दोघंच गाडीत. अब्बा म्हणाले, "आता उद्याचं वजन टाक. वऱ्हाड बसल्यावर होईल ते. आपली गाडी रिकामी धावते कधी?" तूबानं हजार किलो वाढवून टाकले. गाडी पळाली. पंच्याण्णव.

अब्बांनी स्टिअरिंगवर थाप मारली होती. रात्री जेवताना त्यांनी तो आकडा सगळ्यांना सांगितला. आज पोलादपुरात वऱ्हाड चढत होतं तेव्हाही सांगितला.

नवरदेवाचा चुलता महिपती मागून सारखा खोड्या काढत होता. "सईदभाय, पंच्याण्णव घोडं बांधलंस म्हणतोस. मग चंदी कोण घालतंय त्यांना?"

"डिझेलवर खूश हायत ते, महिपतीदादा."

"दाव की मग. आमी पण बघू."

चढाच्या अलीकडं थोडा सपाट रस्ता आहे. अब्बांनी हसत गाडी दामटली. तूबानं बटण दाबलं. मशीनमध्ये टाकलेलं वजन कालचंच होतं, डबी तीच होती. आणि आकडा आला साठ.

"किती गो?" अब्बांनी विचारलं.

 तूबानं मागं वळून पाहिलं. नवरदेवाची आई आवडीकाकू तांदळाची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. दोन पोरं तिच्या पायाशी होती. महिपतीच्या खांद्याला खांदा लावून अकरा माणसं. काल त्या जागी कुणीच नव्हतं.

"अब्बा, थांबवा ना गाडी."

चढाच्या पायथ्याशी गाडी थांबली. अब्बांनी वाकून मशीन पाहिलं. त्यांचं हसू मावळलं.

"गरम झालं असंल," ते हळूच म्हणाले.

"नाय अब्बा. काल आपण रिकामी कळशी उचलली आन् मशीनला सांगितलं भरलेली हाय. म्हणून ते म्हणालं, केवढी ताकद! आज कळशी खरंच भरलीय. डबीनं काय वाढलेलं नाय. साठच हायत आपले."

 मग महिपती म्हणाला, "पोरीचं काय मनावर घेतोस? मुहूर्त टळंल. तिकडं नवरदेव आधीच वर जाऊन उभा हाय."

"दोन खेपा करू या का?" आवडीकाकूनं विचारलं.

सईदभाईंनी आरशात पाहिलं. पंधरा चेहरे त्यांच्याकडं बघत होते. काल रात्रीपासून तो आकडा त्यांनी कितीजणांना सांगितला होता. त्यांचे कान लाल झाले.

"मशीन गरम झालंय," ते मोठ्यानं म्हणाले. "तूबा, गप बस आता. जोरात घेतली की एका दमात वर जाईल."

त्यांनी पहिला गिअर टाकला. इंजिन घुमायला लागलं.

तो चढ जोर घेतल्याशिवाय पार होत नाही, आणि जोर घ्यायला समोरचा रस्ता मोकळा लागतो. एवढं तूबाला गाडीत वाढल्यामुळं माहीत होतं.

तिनं दार उघडलं, खाली उतरली, लग्नासाठी घेतलेल्या नव्या चपला हातात घेतल्या, आणि जीपच्या पुढून, रस्त्याच्या अगदी मधून, सावकाश चढ चालू लागली.